आधी कागद, मग टोकन

घराच्या खरेदी-विक्रीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. गेल्या दोन वर्षांत प्राप्तिकर, तुकडेबंदी (जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरची बंदी), मृत्युपत्र अशा अनेक ठिकाणी नियम बदलले आहेत. पत्रे वाचताना जाणवले ते असे, की बहुतेकांचे व्यवहार अजून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी सांगितलेल्या माहितीवर ठरत आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत अठराव्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत पडला आहे. किंमत ९० लाख. एक लाख टोकन दिले. आता विक्री कार्यालयातले लोक म्हणतात, "रेरा नंबर आहे, काळजी करू नका. २० टक्के भरा, करार दिवाळीनंतर करू." भरावे का? (ठाणे)

भरू नका. रेरा कायद्याच्या (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम १३ प्रमाणे विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्या बाबतीत ही मर्यादा ९ लाख आहे. दिलेले एक लाख त्यातच धरायचे. टोकन, बुकिंग, अर्जाची फी असे काहीही नाव दिले तरी हिशेब तोच.

रेरा नंबर आहे म्हणून निर्धास्त होण्याचे दिवस गेले. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेची बनावट परवानगीपत्रे जोडून महारेराकडून, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडून, नोंदणी क्रमांक मिळवल्याचे उघड झाले आणि पुढे उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, महारेराच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्याचा क्रमांक व तारीख महापालिकेच्या नगररचना विभागात किंवा पालिकेच्या पोर्टलवर ताडून पाहा. यात अर्धा दिवस जाईल, पण तो वाचवू नका.

सीसी वाचताना ती कितव्या मजल्यापर्यंत आहे ते पाहा. मोठ्या इमारतींना ती टप्प्याटप्प्याने मिळते. आधी जोत्यापर्यंत, मग काही मजल्यांपर्यंत, मग पुढे. तुमचा फ्लॅट अठराव्या मजल्यावर आणि सीसी बाराव्यापर्यंत असेल, तर तुम्ही आज मंजुरी नसलेली जागा विकत घेत आहात. पुढची मंजुरी टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) किंवा प्रीमियम भरण्यावर अवलंबून असते आणि पैसे अडले की पहिल्यांदा तीच थांबते. महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाच्या पानावर तो पूर्ण करण्याची मूळ तारीख, घेतलेल्या मुदतवाढी, जमिनीवरचा बोजा, कोर्टातील दावे आणि दर तिमाहीला भरायची प्रगतीची माहिती असते. दोन-तीन तिमाही कोऱ्या असतील तर ती धोक्याची खूण समजा.

करारात पैशांचे टप्पे पाहा. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतील नमुना कराराप्रमाणे करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब झाल्यावर ७० पर्यंत, भिंती, आतला गिलावा, फरशी, दारे-खिडक्या झाल्यावर ७५, सॅनिटरी फिटिंग, जिने, लॉबी झाल्यावर ८०, बाहेरचे प्लंबिंग, गिलावा आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट, पंप, वीज वगैरे झाल्यावर ९५, आणि उरलेले भोगवटा प्रमाणपत्रासह (इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी) ताबा देताना. बिल्डरच्या करारात पहिल्या स्लॅबपर्यंतच ६०-६५ टक्के मागितलेले दिसले, तर हा नमुना समोर ठेवून बोला.

पैसे कोणत्या खात्यात जातात हेही विचारा. १ जुलै २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती ठेवावी लागतात. ग्राहकाची सगळी रक्कम आधी संकलन खात्यात जमा होते आणि तिच्यातले ७० टक्के जमीन-बांधकामाच्या खर्चापुरत्या राखीव खात्यात वळते होतात. संकलन खात्याचा क्रमांक वाटपपत्रात (बुकिंगनंतर बिल्डरने द्यायचे पत्र) आणि करारात असलाच पाहिजे. "चेक ग्रुपच्या दुसऱ्या कंपनीच्या नावाने द्या" असे कोणी म्हणाले, तर देऊ नका.

क्षेत्रफळ रेरा कार्पेटमध्येच लिहून घ्या. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. बाल्कनीचे क्षेत्र वेगळे दाखवलेले असावे. प्रत्यक्षात ३ टक्क्यांहून जास्त घट निघाली तर जादा पैसे व्याजासह परत मिळतात. पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि जागा कराराच्या परिशिष्टात नोंदवणे एप्रिल २०२४ पासून बंधनकारक आहे. खांब आडवा आल्यामुळे गाडीचे दार उघडत नाही, ही तक्रार इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक होती की शेवटी त्यासाठी आदेश काढावा लागला. उघड्या जागेतले पार्किंग मात्र बिल्डरला विकताच येत नाही.

आणि मन बदलले तर? महारेराच्या नमुना वाटपपत्राप्रमाणे त्याच्या तारखेपासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास काहीही कापता येत नाही. १६ ते ३० दिवसांत १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. तुमच्या किमतीवर हे आकडे ९० हजार, १ लाख ३५ हजार आणि १ लाख ८० हजार होतात. मात्र दिवस वाटपपत्राच्या तारखेपासून मोजायचे असतात. नुसती टोकनची पावती म्हणजे वाटपपत्र नव्हे, म्हणून ते आजच लेखी मागा. किमतीवर ५ टक्के जीएसटी लागेल, तोही बजेटमध्ये धरा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला फ्लॅट घेतला तर जीएसटी लागत नाही.

करारात ताब्याची तारीख डिसेंबर २०२३ होती. ४० लाख भरून झाले. बिल्डर म्हणतो, रेराने मुदत २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे, तोवर तक्रार करता येणार नाही. (पनवेल)

येते. महारेराने दिलेली मुदतवाढ ही प्रकल्पाच्या नोंदणीची मुदतवाढ असते. तिने तुमच्या करारातली तारीख बदलत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

रेरा कायद्याचे कलम १८ दोन वाटा देते. प्रकल्प सोडायचा असेल तर भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत. घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरमध्ये (बँकेचा कर्जासाठीचा आधारभूत दर) २ टक्के मिळवून येतो. समजा तो ११ टक्के धरला, तर ४० लाखांवर १८ महिन्यांचे व्याज ६ लाख ६० हजार होते. परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात २०२१ मध्ये म्हटले आहे. मंजुऱ्या रखडल्या, वाळू मिळाली नाही, ही कारणे परतावा नाकारायला चालत नाहीत.

तक्रार ऑनलाइन भरायची, फी ५,००० रुपये. सोबत नोंदवलेला करार, सर्व पावत्या, बँकेच्या नोंदी आणि बिल्डरशी झालेला ईमेल व्यवहार जोडा. भरपाई वेगळी हवी असेल तर तो अर्ज न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे स्वतंत्र करावा लागतो. दोन्ही एकाच अर्जात मागितल्याने तारखा वाया जातात. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर वसुली प्रमाणपत्र घेऊन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. इथे खरी अडचण येते. तहसील कार्यालयाला बिल्डरची जप्त करण्याजोगी मालमत्ता कोणती हे शोधून देणारे कोणी नसते. न विकलेल्या फ्लॅटची यादी महारेराच्या पानावर असते. ती छापून अर्जासोबत द्या.

दोन गोष्टी टाळा. ताबा घेताना "उशिराबद्दल कोणतीही तक्रार नाही" असे छापलेल्या पत्रावर सही करू नका, आणि करायचीच वेळ आली तर "हक्क राखून" असे हाताने लिहा. दुसरे म्हणजे कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेल्याचे कळले, तर रेराच्या वसुलीची वाट पाहत बसू नका. स्थगितीमुळे ती थांबते. निराकरण व्यावसायिकाकडे (ही प्रक्रिया चालवायला नेमलेली व्यक्ती) फॉर्म सीए मध्ये दावा मुदतीत दाखल करा. घर घेणारे तिथे वित्तीय धनको मानले जातात.

आम्ही पती-पत्नी मिळून ७२ लाखांचा जुना फ्लॅट घेत आहोत. विक्रेत्याचे कर्ज अजून फिटलेले नाही. मुद्रांक शुल्क, टीडीएस आणि पैसे देण्याचा क्रम नीट सांगाल का? एजंट म्हणतो, प्रत्येकाचा हिस्सा ३६ लाखांचा असल्याने टीडीएस लागत नाही. (पुणे)

टीडीएस म्हणजे विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर. एजंटची माहिती जुनी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व खरेदीदारांची रक्कम एकत्र धरून ५० लाखांची मर्यादा पाहतात. ७२ लाखांवर १ टक्का म्हणजे ७२,००० कापायचे आहेत. दोन खरेदीदार आणि एक विक्रेता असल्याने दोन वेगळी चलने, प्रत्येकी ३६,०००. प्रत्येक हप्ता देताना कापायचे आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचे. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये फी आणि वर व्याज. विक्रेत्याचे पॅन आधारशी जोडलेले नसेल तर १ ऐवजी २० टक्के कापावे लागतात, म्हणून टोकनच्या आधी पॅनची स्थिती पोर्टलवर तपासा. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ओळखीच्या 'कलम १९४-आयए'च्या शोधात राहू नका, पोर्टलवर मालमत्ता विक्रीच्या टीडीएसचा जो पर्याय दिसेल तो घ्या.

मुद्रांक शुल्क पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के आहे. त्यात ५ टक्के मूळ, १ स्थानिक संस्थेचा, १ मेट्रो अधिभार. करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रक) येणारी किंमत, यांत जी जास्त तिच्यावर ते मोजतात. ७२ लाखांवर ५ लाख ४ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००. महिलांना १ टक्का सवलत आहे, पण सर्व खरेदीदार महिला असतील तरच. फ्लॅट फक्त पत्नीच्या नावे घेतला तर ७२,००० वाचतात. पूर्वी अशा घराची पंधरा वर्षे पुरुषाला विक्री करता येत नव्हती. ती अट २०२३ मध्ये काढली. मात्र पती मालक नसेल तर हप्ता तो भरत असला तरी गृहकर्जाच्या व्याजाची करवजावट त्याला मिळत नाही. ७२ हजारांसाठी घाई करण्याआधी हे मांडून पाहा. रेडी रेकनरची किंमत करारापेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाली तर फरकावर तुम्हालाही कर लागू शकतो, विक्रेत्यालाही.

आता क्रम. पहिल्यांदा विक्रेत्याकडून त्याच्या बँकेचे दोन कागद घ्या. एक कर्ज आज फेडल्यास किती भरायचे याचे पत्र, आणि दुसरे बँकेकडे कोणती मूळ कागदपत्रे आहेत याची यादी. यादीत बिल्डरकडून आतापर्यंतच्या सर्व मालकांपर्यंतची करारांची साखळी, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक २ (नोंदणीचा सारांश देणारा उतारा) असायला हवी. मधला एखादा करार हरवलेला असेल, तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, हे सगळे विक्रेत्याने करून द्यायचे, तुम्ही नव्हे. मग वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल. त्यानंतरच टोकन, तेही बँकेतून. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो.

करार नोंदवल्यावर तुमची बँक रकमेचा एक धनादेश थेट विक्रेत्याच्या कर्ज खात्याच्या नावे काढते, उरलेला विक्रेत्याच्या नावे. "माझ्या खात्यात द्या, मी भरतो" ही सोय मान्य करू नका. मूळ कागद एका बँकेकडून दुसरीकडे गेले पाहिजेत. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सेरसाईच्या (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंदीवरून जुना बोजा उतरल्याचेही पाहून घ्या, ही गोष्ट नेहमी राहून जाते.

सोसायटीची थकबाकी नसल्याचे पत्र, शेवटचे मिळकतकराचे बिल, वीज बिल हे सगळे करार करण्याच्या दिवशी हातात असावे. करार सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवावा लागतो. पुढचे चार महिने दंड भरून मिळतात, त्यापुढे नाही.

२००५-०६ मध्ये १५ लाखांना घेतलेला फ्लॅट जानेवारी २०२६ मध्ये ६० लाखांना विकला. १२.५ टक्के कर की २० टक्के? (नाशिक)

तुम्ही निवासी भारतीय आहात आणि जागा २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली आहे, म्हणून दोन्ही रीतींनी हिशेब करून जो कर कमी येईल तो भरायचा.

नव्या रीतीने नफा ४५ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ५ लाख ६२ हजार ५००. जुन्या रीतीने खर्च महागाई निर्देशांकाने वाढवायचा. २००५-०६ चा निर्देशांक ११७, २०२५-२६ चा ३७६. १५ लाख गुणिले ३७६ भागिले ११७ म्हणजे सुमारे ४८ लाख २१ हजार. नफा ११ लाख ७९ हजार, त्यावर २० टक्के कर सुमारे २ लाख ३६ हजार. वर ४ टक्के उपकर. तुमच्यासाठी जुनी रीत स्वस्त आहे. पण हे सगळ्यांना लागू नाही. २०१५-१६ मध्ये (निर्देशांक २५४) २० लाखांना घेतलेली जागा २०२५-२६ मध्ये ८० लाखांना गेली, तर जुन्या रीतीने कर १० लाखांच्या वर जातो आणि नव्याने साडेसात लाख होतो. किंमत महागाईपेक्षा किती वेगाने वाढली यावर सगळे अवलंबून आहे.

खरेदीच्या वेळचे मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि विकताना दिलेली दलाली हिशेबात धरा, पावत्या असतील तर. जुन्या रीतीने तोटा निघाला तर कर शून्य, पण तो तोटा पुढे ओढता येत नाही.

कर वाचवायचा असेल तर विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घ्या किंवा तीन वर्षांत बांधा. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, म्हणजे बहुतेकांसाठी ३१ जुलै २०२६ पर्यंत, पैसे वापरले गेले नाहीत तर ते बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवा. मुदतठेवीत ठेवून "पुढच्या वर्षी घर घेणार आहे" असे सांगणाऱ्यांची सूट हटकून जाते. दुसरा मार्ग विशिष्ट रोख्यांचा. सहा महिन्यांत, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी. किती गुंतवायचे हे दोन्ही रीतींचे आकडे समोर ठेवून सीएकडून ठरवून घ्या.

वडिलांनी सोसायटीत मोठ्या भावाचे नामनिर्देशन केले होते. मृत्युपत्र नाही. भाऊ म्हणतो, फ्लॅट आता माझा. (दादर, मुंबई)

तो मालक नाही. सोसायटीने त्याचे नाव घेतले तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो तात्पुरता सभासद असतो, वारसांच्या वतीने जागा सांभाळणारा. वडील हिंदू असतील आणि आई, दोन मुलगे, एक मुलगी मागे असतील, तर चौघांचा प्रत्येकी एक चतुर्थांश. विकायचे तर चौघांच्या सह्या हव्यात. हा फ्लॅट विकत घेऊ पाहणाऱ्यानेही हेच लक्षात ठेवावे. नॉमिनीच्या एकट्याच्या सहीवर झालेली खरेदी बहिणीच्या एका नोटिशीने अडकते.

बाकीच्यांना हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोड पत्र नोंदणीकृतच पाहिजे. नोटरी केलेले चालत नाही. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता वडिलोपार्जित हिस्सा सोडल्यास मुद्रांक शुल्क ५०० रुपये. पण तुमच्या वडिलांनी स्वतः घेतलेला फ्लॅट त्यात बसतो का, हे दुय्यम निबंधकांकडे आधी विचारून घ्या.

मृत्युपत्र असते तर? आतापर्यंत मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) घ्यावेच लागे, पुणे-नागपूरला नाही. भारतीय वारसा कायद्याचे ते कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकले. सक्ती गेली, पण वारसांत वाद असेल तर प्रोबेट घेणे अजूनही शहाणपणाचे, कारण खरेदीदाराचा वकील आणि बँक दोघे ते मागतील.

आम्हा भावांच्या नावावरचा कोथरूडचा फ्लॅट विकायचा आहे. धाकटा न्यू जर्सीत आहे, येऊ शकत नाही.

मुखत्यारपत्र चालेल. ते त्याने भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा तिथला सरकारी दाखला) घ्यावे. मूळ प्रत भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यायचा असतो. भावाला मोबदल्याविना विक्रीचा अधिकार दिला असेल तर ५०० रुपये. हे तीन महिने लोक विसरतात आणि नोंदणीच्या दिवशी कागद बाद होतो. मसुद्यात फ्लॅटचा पूर्ण तपशील, विक्री करार, खरेदीखत, नोंदणी कार्यालयात कबुली, पैसे स्वीकारणे, सोसायटीचे फॉर्म, असे प्रत्येक अधिकार वेगळे लिहा. "सर्व व्यवहार" एवढ्याने भागत नाही.

त्याच्या हिश्शाचा टीडीएस वेगळ्या नियमाने कापतात. ५० लाखांची मर्यादा इथे नाही. दीर्घकालीन नफ्याचा दर १२.५ टक्के, वर उपकर आणि लागू असल्यास अधिभार. प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र मिळवले नाही, तर खरेदीदार सहसा त्याच्या हिश्शाच्या संपूर्ण किमतीवर कापतो. हा अर्ज करार करण्याच्या बराच आधी करा, त्याला आठवडे लागतात. तुम्हाला मिळणारी २० टक्क्यांची जुनी रीत अनिवासी भावाला मिळत नाही. रक्कम त्याच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांचे रुपयांतले) खात्यातच जायला हवी. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते.

२०१६ मध्ये हवेली तालुक्यात दोन गुंठे घेतले, नोटरीच्या कागदावर. निवासी झोन आहे. सातबारावर नाव लागत नाही. ऐकले की तुकडेबंदी उठली. (वाघोली)

पूर्ण उठलेली नाही. शेतीसाठी तुकडेबंदी कायदा आहेच. ऑगस्ट २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान प्रमाणभूत क्षेत्र आहे. बदल असा, की नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात शहरी हद्दीत किंवा विकास आराखड्यात निवासी वगैरे बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनीत झालेले तुकड्यांचे व्यवहार शुल्काशिवाय नियमित होतात. पूर्वी बाजारमूल्याच्या २५ टक्के, नंतर ५ टक्के भरावे लागत होते.

तुमचा काळ बसतो, झोनही बसतो. अडचण नोटरीची आहे. तो कागद मालकी देत नाही. मूळ विक्रेत्याला, तो नसेल तर त्याच्या वारसांना घेऊन, मुद्रांक शुल्क भरून खरेदीखत नोंदवा, मगच तलाठ्याकडे फेरफार. विक्रेता सापडतो आहे तोवर हे उरका. भाव वाढलेल्या पट्ट्यात वारस दुसऱ्यांदा पैसे मागतात. सोबत झोन दाखला, गट नकाशा आणि २०१६ चे पैसे दिल्याचे पुरावे ठेवा. प्लॉट नियमित झाला म्हणून त्यावरचे विनापरवाना बांधकाम नियमित होत नाही, तो स्वतंत्र विषय आहे.

आणि आज कोणी नव्याने "आता एक गुंठाही चालतो" म्हणून विकत असेल, तर १५ ऑक्टोबर २०२४ नंतरचे व्यवहार या सवलतीत नाहीत. अकरा जणांची नावे एका सातबारावर सामायिक लावून विकलेल्या प्लॉटला रस्ता, हद्द आणि कर्ज यांपैकी काहीच नीट मिळत नाही.

सोसायटी फ्लॅट हस्तांतरणासाठी एक लाख 'विकास निधी' मागते. (वसई)

नियमाने हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये, शिवाय ५०० हस्तांतरण फी आणि १०० प्रवेश फी. देणगी सक्तीने घेता येत नाही. वारस किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या नावे होत असेल तर प्रीमियमही नाही. मागणी लेखी मागा. बहुतेक समित्या तिथेच थांबतात. नाहीतर अर्जाची पोहोच जोडून उपनिबंधकांकडे जा.

इमारत २००१ ची. बिल्डर जमीन सोसायटीच्या नावे करत नाही. पुनर्विकास करायचा आहे. (मुलुंड)

मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन सोसायटीच्या नावे, करून घ्या. मोफा कायद्याच्या (राज्याचा जुना फ्लॅट मालकी कायदा) कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज, २,००० रुपयांचा कोर्ट फी मुद्रांक. सोबत सर्वसाधारण सभेचा ठराव, सभासदांची यादी व प्रत्येकाची सूची क्रमांक २, मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, बिल्डरला पाठवलेली नोटीस. निर्णय सहा महिन्यांत व्हायला हवा. भोगवटा प्रमाणपत्र नसले तरी स्वयंघोषणापत्रावर अर्ज चालतो. खरा वेळ जातो तो जुन्या सभासदांचे करार आणि सूची गोळा करण्यात, तेव्हा ठराव होण्याची वाट न पाहता ते काम आधी सुरू करा. एकाच भूखंडावर अनेक इमारती असतील तर तुमच्या वाट्याचे क्षेत्र किती, याचा वास्तुविशारदाचा दाखला लागेल आणि वाद बहुधा त्या आकड्यावरच होतो.